काच शाबूत होती

टाकी फुटली नाही, हे आधीच सांगून टाकते. ठाण्यात घोडबंदर रोडला चौदाव्या मजल्यावरून ती उतरली, पुण्यात बाणेरला सहाव्या मजल्यावर चढली, आणि तिला साधा ओरखडाही गेला नाही. चार फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच. बारा मिलिमीटरची काच. रिकामीच नव्वद किलोच्या घरात जाते. शनिवारभर सगळ्या घराचा जीव त्या काचेत अडकला होता.

टाकी माझ्या भावोजींची. खाऱ्या पाण्याची, प्रवाळांची, पाच वर्षं जोपासलेली. मरीन ड्राइव्हवरचं तारापोरवाला मत्स्यालय १९५१ सालचं. भावोजी शाळकरी वयात तिथे काचेला नाक लावून उभे राहत आणि घरच्यांना त्यांना ओढून बाहेर काढावं लागे, असं त्यांची आई सांगायची. त्या नादाचं पुढे हे झालं. ते उथळ हौशी नाहीत. कुठलीही गोष्ट वेळ टिपून करायची हा त्यांचा खाक्या. त्या दिवशी वही त्यांनी माझ्या हातात दिली होती, म्हणून खालच्या वेळा पक्क्या आहेत. मतं माझी आहेत.

शुक्रवार, रात्री ८.१० (३४ तास आधी)

बाल्कनीतल्या निळ्या ड्रममध्ये शंभर लिटर नवं पाणी घुसळत होतं. आरओच्या पाण्यात पावणेचार किलो मरीन सॉल्ट आणि तळाशी एक छोटा पंप. मीठ टाकलं आणि झालं, असं यात नसतं. ते पुरतं विरघळून पाण्याचा पीएच ठिकाणावर यायला रात्रभर तरी पाणी फिरतं ठेवावं लागतं. रिफ्रॅक्टोमीटरने १.०२५ घनता दाखवली तसे भावोजी खूश झाले. या ड्रमवर लक्ष असू द्या.

माशांचं खाणं गुरुवारी संध्याकाळीच बंद केलं होतं. पोट रिकामं असलं की प्रवासात घाण कमी होते. दाराशी नव्या वाळूच्या तीन गोण्या उभ्या होत्या, कारण टाकीतली जुनी वाळू फेकायची असं ठरलं होतं. फ्रिजवर वेळापत्रक चिकटवलेलं: सातला पंप बंद, दहाला निघायचं, दोनला बाणेर, पाचला पाणी फिरतं. म्हणजे दहा तास. दगड आणि मासे एवढा वेळ काढू शकतात. हिशेबात खोट नव्हती.

शनिवार, पहाटे ५.४० (साडेचोवीस तास आधी)

नळी लावून वरचं स्वच्छ पाणी जारमध्ये भरायला सुरुवात. आपले नेहमीचे वीस लिटरचे पाण्याचे जार, असे तेरा. ताई दारातून म्हणाली, “अहो, समुद्र नेताय पुण्याला, आणि माझी तुळस कोण नेणार?” तुळस शेवटी माझ्या मांडीवर आली.

सकाळी ७.१५ (तेवीस तास आधी)

वहीत लिहिलं: पंप बंद.

इथून पुढचं सगळं समजायला टाकी कशावर चालते ते सांगायला हवं. मासे श्वास घेतात आणि घाण करतात, म्हणजे मुख्यतः अमोनिया सोडतात. तो त्यांनाच विषारी. दगडांच्या भोकांत आणि वाळूच्या कणांवर वाढलेले जिवाणू त्या अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट, आणि नायट्रेट बऱ्यापैकी निरुपद्रवी. १९६० च्या सुमारास जकार्ताच्या ली चिन एंग यांनी समुद्रातले जिवंत दगड आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर टाकी चालवून दाखवली, तेव्हापासून ‘लाइव्ह रॉक’ हा या छंदाचा कणा झाला. भावोजींकडे असा पंचेचाळीस किलो दगड होता. पण या जिवाणूंना प्राणवायू लागतो आणि तो पाणी वाहतं राहिलं तरच पोचतो. दगडात नुसते जिवाणूही नसतात. स्पंज असतात, किडे असतात, शिंपले असतात. ते मेले की सडतात. मग जो दगड काल अमोनिया खात होता तोच अमोनिया ओकायला लागतो.

दगड पाण्यात बुडवून न्यायचे तर आणखी जार हवे होते. ते नव्हते. म्हणून ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून भाजीच्या क्रेटमध्ये रचले. दहा तासांच्या बोलीवर हे चालतं.

सकाळी ८.४० (साडेएकवीस तास आधी)

मासे धरायचे. मोठे दगड निघाल्यावर लपायला जागा उरत नाही, तरी अर्धा-पाऊण तास गेला. निळा टँग, म्हणजे पोराटोरांची ‘डोरी’, शेवटच्या दगडाच्या कपारीत शिरून पंख ताठ करून अडकून बसली. दगड हलवला, फुंकर मारली, बोटाने ढोसलं, ती हलेना. भावोजींनी दगड तसाच बादलीवर उलटा धरला. दोन मिनिटं काही झालं नाही आणि मग टप्पकन ती पाण्यात पडली. क्लाउनची जोडी त्या मानाने शहाणी. ती पैदास केंद्रातली होती. क्लाउन समुद्रातूनच धरून आणायला हवेत असं आता राहिलेलं नाही, आपल्याकडे ऐरोलीलाही त्यांची पैदास होते. शिवाय एक मँडरिन, एक रॉयल ग्रामा, दोन क्लीनर कोळंब्या. प्रवाळांत सगळे मऊ प्रकार: मश्रूम, लेदर, झोअँथिड. दगडी प्रवाळ आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, आणि भावोजी त्या वाटेला कधी गेले नाहीत.

वेळ खाल्ला तो अ‍ॅनिमोनीने. या समुद्रपुष्पाचा पाय दगडाला घट्ट धरलेला; ओढलं तर फाटतो, आणि पाय फाटलेली अ‍ॅनिमोनी सहसा जगत नाही. भावोजी दगडाच्या मागच्या बाजूला बर्फाचा खडा धरून बसले. गारठा लागला की ती आपणहून सुटते. सुटली, पण खडे वितळत गेले आणि भाची फ्रिजकडे खेपा घालत राहिली. मला विचाराल तर अख्ख्या दिवसातलं सगळ्यात सुंदर काम हेच झालं. त्यात घाई नव्हती.

सकाळी ९.५० (वीस तास आधी)

वाळू.

टाकीची देखभाल करणारा मुलगा दुकानातून आला होता. तीन इंच जाडीचा थर, ऐंशी-नव्वद किलो वजन. वरचा अर्धा इंच पांढरा, त्याखाली करडा, आणि काचेलगत तळाशी काळ्या रेघा. त्याने प्लास्टिकचा डबा खोल घातला आणि उपसला, तसा घरभर सडक्या अंड्याचा वास सुटला. ताई स्वयंपाकघरात धावली, सिलिंडरची कळ तपासली, शेगडीची तपासली, खिडक्या उघडल्या. वास टाकीचाच होता. खालच्या थरात प्राणवायू पोचत नाही, तिथे वेगळ्या जातीचे जिवाणू हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. जागच्या जागी राहिला तर तो कुणाचं काही बिघडवत नाही. त्या थरात पाच वर्षांची विष्ठा आणि न खाल्लेलं अन्नही साठलेलं असतं. म्हणूनच तर नव्या गोण्या आणलेल्या.

मुलगा म्हणाला, “साहेब, ही जिवंत वाळू आहे. सगळे बॅक्टेरिया यातच. नवीन घातली तर टाकी पहिल्यापासून सायकल करावी लागेल. महिना जाईल.”

हे अर्धं खरं होतं, आणि अर्ध्या खऱ्याला उत्तर देणं फार अवघड जातं. वाळूत जिवाणू असतातच. पण पंचेचाळीस किलो चांगला दगड पाच लहान माशांना पुरून उरतो. वाळू गेली असती तर टाकीला फारसं जाणवलंही नसतं. भावोजींना हे माहीत होतं. आदल्या आठवड्यात त्यांनीच मला समजावून सांगितलं होतं. पण पाच वर्षांची टाकी अशी तुकड्या-तुकड्यांनी बादल्यांत गेलेली समोर दिसत असताना ‘महिना जाईल’ हे शब्द कानावर पडले. ते थोडं थांबले आणि म्हणाले, “भर बादल्यांत.”

नव्या वाळूच्या गोण्या सोफ्याबरोबर पॅकर्सच्या ट्रकमध्ये गेल्या. वहीत या निर्णयाची वेळ मी लिहिली नाही, कारण तेव्हा तो निर्णय वाटलाच नव्हता.

दुपारी १२.४० (साडेसतरा तास आधी)

निघालो. वेळापत्रकाच्या मागे दोन तास चाळीस मिनिटं. सोसायटीत सामान हलवायला सर्व्हिस लिफ्ट दहानंतरच मिळते, आणि मिळाल्यावर आधी कपाटं, पलंग, वॉशिंग मशीन. टाकीसाठी छोटा हत्ती टेम्पो वेगळा केला होता. खाली दोन गाद्या, त्यावर थर्माकोल, चारी बाजूंनी उशा, आणि टाकीला धरून दोन माणसं. मासे आमच्या गाडीत, एसीत, दोन थर्माकोलच्या पेट्यांत. प्रत्येकीत सेलवर चालणारा हवेचा पंप. दगडांचे क्रेट, वाळूच्या बादल्या आणि पाण्याचे जार टेम्पोत मागे, वर ताडपत्री. मे महिना.

गाडीत ताईने बर्लिन काढलं. तो व्हिडिओ कुटुंबाच्या ग्रुपवर कितीतरी वेळा येऊन गेलाय. १६ डिसेंबर २०२२ च्या पहाटे पावणेसहाच्या सुमाराला तिथल्या एका हॉटेलच्या लॉबीतला अ‍ॅक्वाडोम फुटला. चौदा मीटर उंच अ‍ॅक्रिलिकचा दंडगोल, दहा लाख लिटर खारं पाणी, दीड हजारांच्या आसपास मासे. पाणी दारं फोडून रस्त्यावर गेलं, बाहेर गोठवणारी थंडी. पहाट होती म्हणून माणसं वाचली, दोघे जखमी झाले. ताईचं म्हणणं, एवढ्या मोठ्या लोकांची फुटते तर आपली का नाही. ती दर दहा मिनिटांनी टेम्पोवाल्याला फोन करून टाकी विचारत होती. क्रेटबद्दल एकदाही कुणी विचारलं नाही, मीही नाही.

बर्लिनची एक गोष्ट त्या व्हिडिओत नाही. इमारतीच्या तळघरात पैदाशीच्या वेगळ्या टाक्या होत्या. त्यातले शेकडो मासे वाचले. वीज गेल्यामुळे त्यांना दुसरीकडे हलवावं लागलं, पण वाचले, कारण त्यांचं पाणी वरच्या पाण्यापासून वेगळं होतं.

दुपारी ३.२० (पंधरा तास आधी)

खंडाळ्याच्या घाटात सगळं थांबलं. शनिवार, सुट्टीचे दिवस, लोणावळ्याची गर्दी, आणि पुढे चढणीला एक कंटेनर बंद पडलेला. एक्स्प्रेसवेवर अडकलं की वळायची सोय नसते. टेम्पो आमच्या पुढे होता की मागे हेही नक्की कळेना, कारण ड्रायव्हर खालापूरला जेवायला थांबला होता.

पावणेपाचला एका पेटीतला पंप थकला. सेल संपले. भावोजींनी मागच्या सीटवर वळून स्टीलच्या पेल्याने पाणी उचलायचं आणि वरून ओतायचं, असं सुरू केलं. समुद्राच्या पाण्यात मुळात गोड्यापेक्षा पाचवा हिस्सा प्राणवायू कमी मावतो, आणि ते तापलं की आणखी कमी. पेला बरा चालला. मासे तरतरीत होते.

आता ते इतके तरतरीत का होते, यात एक मेख आहे. झाकलेल्या पेटीत मासे कार्बन डायऑक्साइड सोडत राहतात, पाणी आम्लाकडे झुकतं, पीएच ८.२ वरून खाली सात-सव्वासातवर येतो. अमोनियाची दोन रूपं असतात. एक घातक, एक जवळजवळ निरुपद्रवी. कोणतं किती हे पीएच ठरवतो. ८.२ ला घातक रूप सात-आठ टक्के असतं, सातच्या आसपास एका टक्क्याहूनही कमी. म्हणजे पेटीत अमोनिया तासागणिक साठत होता, पण त्याची नांगी पीएचने दाबून धरली होती. मासे ठीक दिसत होते ते त्यामुळे. पाणी ठीक नव्हतं.

संध्याकाळी ७.४५ (साडेदहा तास आधी)

बाणेर. गेटवर वॉचमन म्हणाला, सहानंतर सामान चढवायचं नाही, नियम आहे. ताई सेक्रेटरींच्या दारात गेली आणि “काका, आत जीव आहेत हो” असं म्हणाली. पंधरा मिनिटांत लिफ्टची किल्ली आली. काही कामं ताईनेच करावीत.

मग टाकी. चार माणसांनी उचलून स्टँडवर ठेवली. स्पिरिट लेव्हल लावली तर बुडबुडा मधोमध राहीना, फरशीलाच उतार. टाकी तिरकी राहिली तर साडेचारशे किलो पाण्याचा भार एका कोपऱ्यावर येतो आणि सिलिकॉनचा जोड कधीतरी सुटतो, हे खरंच. म्हणून पायांखाली पट्ट्या सारल्या, बुडबुडा पाहिला, टाकी काढली, फोमची शीट बदलली, पुन्हा ठेवली. यात पन्नास मिनिटं गेली. सगळे त्या बुडबुड्याभोवती वाकून उभे होते.

दगड सकाळपासून क्रेटमध्ये होते. मी सहज एका क्रेटचं वर्तमानपत्र वर उचललं. वरचा कागद कडक वाळलेला होता.

रात्री ९.४० (साडेआठ तास आधी)

वाळू टाकीत गेली. न धुता. गोड्या पाण्याने धुतली तर जिवाणू मरतील आणि खारं पाणी धुण्यात घालवायला नव्हतं. बादलीत तळाला साठलेलं काळसर पाणीही बरोबर गेलं. दिवसभर झाकण लावून उन्हात बसलेल्या त्या बादल्यांत काय शिजलं होतं ते वासाने कळत होतं. त्यावर दगड, त्यावर जारमधलं जुनं पाणी.

आणि मग ड्रम. टेम्पोने तो सुखरूप आणला होता. शंभर लिटर स्वच्छ, मुरलेलं, बरोबर खारं, आत कुणीही न हगलेलं पाणी. पातळी कमी पडत होती, म्हणून भावोजींनी तो टाकीत रिता केला. उरलेली घट स्वयंपाकघरातल्या आरओच्या पाण्यात तिथल्या तिथे मीठ ढवळून भरली.

या सगळ्या घटनाक्रमात माझं बोट एका ओळीवर ठेवायला सांगितलं तर मी इथे ठेवीन. घाट कुणाच्या हातात नव्हता, लिफ्टचे नियम नव्हते. वाळूचीही चूक निस्तरता आली असती. तो ड्रम तसाच ठेवून मासे, कोळंब्या आणि अ‍ॅनिमोनी त्यात सोडली असती, एक पंप आणि बुडबुडे सोडणारा हवेचा दगड लावला असता आणि रोज थोडं पाणी बदललं असतं, तर टाकी आठवडाभर हवी तशी सडू द्यायला हरकत नव्हती. बर्लिनच्या तळघरात होतं ते बाणेरच्या हॉलमध्येही होतं. आम्ही ते ओतून टाकलं, कारण अर्धी भरलेली टाकी बघवत नव्हती.

रात्री ११.१५ (सात तास आधी)

पंप सुरू. संपमधून, म्हणजे टाकीखालच्या छोट्या टाकीतून, पाणी वर चढलं, वाहू लागलं, ताईने टाळ्या वाजवल्या. टाकीत मात्र पलीकडची भिंत दिसत नव्हती.

चिलरचा प्लग तीन जाड पिनांचा, पंधरा अँपिअरचा. हॉलमध्ये सगळे बोर्ड पाच अँपिअरचे. पंधराचे दोनच पॉइंट, एक गीझरचा आणि एक एसीचा, आणि एसी बेडरूममध्ये. इलेक्ट्रिशियन सोमवारी. पाण्याचं तापमान २९.

स्किमर लावला. पाण्यात बारीक बुडबुडे घुसळून घाणीचा फेस वर काढणारं हे यंत्र. पाण्यात घाण इतकी होती की दहा मिनिटांत फेस कपातून उतू जाऊन नव्या घराच्या फरशीवर आला. भाची पोछा घेऊन धावली. भावोजींनी स्किमर बंद केला. घाणेरड्या पाण्यात प्राणवायू मिसळणारं सगळ्यात जोरकस यंत्र ते होतं, आणि फरशी वाचवायला ते बंद झालं.

अमोनियाची टेस्ट किट सापडत नव्हती. खोक्यांवर ‘किचन’, ‘देवघर’, ‘पुस्तकं’ असं लिहिलेलं. ‘मासे’ असं एकावरही नव्हतं.

मध्यरात्र ते १.१० (सहा तास ते पाच तास आधी)

पेट्या उघडून माशांना नव्या पाण्याची सवय करायला बसले. नळीला गाठ मारून टाकीतलं पाणी थेंब-थेंब पेटीत सोडायचं. पुस्तकात हेच लिहिलेलं असतं आणि दुकानातून घरी आणलेल्या माशासाठी ते ठीकच. पण इथे मासे पंधरा तास त्याच पाण्यात होते. झाकण उघडलं, हवेचा दगड टाकला, कार्बन डायऑक्साइड उडाला, वरून टाकीचं पाणी आलं. पीएच झपाट्याने चढला. दिवसभर साठलेल्या अमोनियाची नांगी मोकळी झाली. लांबच्या प्रवासातून आलेल्या माशांना पेटीत रेंगाळू न देता चांगल्या पाण्यात लगेच सोडतात ते याचसाठी. अर्थात चांगलं पाणी आता कुठेच नव्हतं.

साडेबाराला निळा टँग भराभर श्वास घेऊ लागला. भावोजींना वाटलं, दमलाय. एक वाजून दहा मिनिटांनी सगळे टाकीत. अ‍ॅनिमोनीला एका सपाट दगडावर ठेवलं. पाण्यात लाटा उठवणाऱ्या वेव्हमेकरवर लावायची जाळी सापडली नाही, तो तसाच लावला. दिवे बंद. आम्ही गाद्या पसरून तिथेच आडवे झालो.

वहीत यानंतर काही नाही. पुढचं कुणी पाहिलेलं नाही, पण सकाळी जे जिथे सापडलं त्यावरून बरंचसं लावता येतं. अंधारात प्रवाळांतली शेवाळं प्राणवायू देत नाहीत, उलट घेतात. वाळूतून सुटलेल्या घाणीवर पाण्यातले जिवाणू बेसुमार वाढतात आणि तेही प्राणवायू घेतात. खिडक्या बंद, पंपांची ऊब, चिलर नाही. वाळलेल्या दगडांतले स्पंज सडायला लागलेले. अ‍ॅनिमोनीला जागा मानवली नाही की ती पाय सोडून चालू लागते, आणि चालणाऱ्या अ‍ॅनिमोनीला प्रवाह वेव्हमेकरपर्यंत नेतो.

रविवार, सकाळी ६.१०

भाची पहिली उठली. तिने आईला हाक मारली, बाबांना नाही.

पाणी तांदळाच्या धुवणासारखं. वेव्हमेकरच्या खाचांतून अ‍ॅनिमोनीचे तुकडे लोंबत होते, काही पाण्यात फिरत होते. टँग पुढच्या काचेशी आडवा, रंग जवळजवळ गेलेला. मँडरिन वाळूवर. ग्रामा आणि कोळंब्या दगडामागे सापडल्या, दुपारी. क्लाउनची मादी पृष्ठभागाशी होती, उशिरापर्यंत झगडली असावी. नर मात्र दिसेना. तो ओव्हरफ्लोमधून खाली संपमध्ये जाऊन पडला होता, जिथे पाणी उंचावरून धबाधबा कोसळतं, म्हणजे अख्ख्या घरात प्राणवायू उरलेली ती एकच जागा. तो जिवंत होता. हर्मिट खेकडे होते. मश्रूम आकसलेले, पण होते. झोअँथिड मिटलेले.

साडेसातला किट सापडली, ‘देवघर’ लिहिलेल्या खोक्यात, निरांजनाखाली. भावोजींनी नळीत पाणी घेतलं, थेंब टाकले, हलवलं. पाच मिनिटं थांबायचं असतं. रंग त्याआधीच तक्त्यावरच्या शेवटच्या गडद हिरव्यापर्यंत गेला. त्यांनी तक्ता खिडकीशी नेऊन पुन्हा पाहिला. मग काही न बोलता क्लाउनला बादलीत घेतलं आणि उरलेलं मीठ वजन करायला बसले.

मध्येच स्वयंपाकघरातून मोठं पातेलं गॅसवर चढवल्याचा आवाज आला. ताईचा विचार सरळ होता: दगड सडलेत, घरात वास मारतोय, उकळत्या पाण्यात घालून घासून काढू. दिवसभरात भावोजींचा आवाज पहिल्यांदा चढला. ते धावत गेले आणि गॅस बंद केला. काही झोअँथिडमध्ये पॅलिटॉक्सिन असतं, प्राणिजगतातल्या सगळ्यात जहाल विषांपैकी एक. दगड उकळले किंवा कोरडे घासले की ते वाफेतून, तुषारांतून श्वासात जातं. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डशरमधल्या एका घरात मार्च २०१८ मध्ये टाकी साफ करताना असंच झालं. घरातली माणसं रुग्णालयात गेली आणि मदतीला आलेले चार अग्निशमन जवानही. ताईने पातेलं उतरवलं आणि विचारलं, “हे असलं घरात होतं पाच वर्षं? आणि मला आज सांगताय?”

यावर भावोजींपाशी उत्तर नव्हतं. त्यांनी हातमोजे चढवले आणि दगड एकेक करून ओलेच उचलले. निळा ड्रम बाल्कनीत मांडला आणि त्यात नवं खारं पाणी करायला घेतलं. वाळू दुपारी बादल्यांतून खाली गेली. वॉचमनने कुंड्यांसाठी मागितली, तर खारट आहे, झाडं मरतील, असं सांगावं लागलं. नव्या वाळूच्या गोण्या सोफ्यामागे होत्या. इलेक्ट्रिशियन सोमवारी अकराला आला आणि विचारू लागला की पंधराचा पॉइंट नक्की कुठे हवाय.